जुन्या विंडोजची जोखीम गावकऱ्यांच्या माथी नको

विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाल्या. पोंभुर्ण्यासारख्या तालुक्यात या बातमीची कुणी फारशी दखल घेतली नाही. पण सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, धानविक्रीची नोंदणी ही आमची सगळी कामे आता संगणकावरच होतात. मी ज्या सेवा केंद्रात जातो, तिथे अजून जुनीच विंडोज आहे. अपडेटची सूचना आली की केंद्रचालक 'नंतर'वर क्लिक करून मोकळा होतो. रांगेत माणसे उभी असतात, लाइट केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि अपडेट मध्येच अडकले तर दिवसभराची कमाई बुडते. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?' हा युक्तिवाद मात्र फसवा आहे. संगणक चालतच राहणार. फक्त यापुढे सापडणारी सुरक्षेतली भोके आपोआप बुजवली जाणार नाहीत. उलट विंडोज ११ मधले एखादे भोक बुजवले की तेच १० मध्ये कुठे असेल, याचा सुगावा चोरांना लागतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, त्याच्या दोन महिने आधीच मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, ते सापडले. पुढच्याच महिन्यात अशाच हल्ल्याने आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एक कंटेनर टर्मिनल ठप्प झाले.

बंदराचे नुकसान कंपनीने सोसले. सेवा केंद्राच्या डेस्कटॉपवर नावानिशी सेव्ह केलेले आधार आणि पासबुकचे स्कॅन चोरीला गेले, तर सोसायचे कुणी? ज्याच्या खात्यात धानाचे पैसे येतात, त्या शेतकऱ्यानेच ना?

'नवीन विंडोज टाका' म्हणणे सोपे आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. धडधाकट जुने संगणक त्यात बाद होतात. दाखल्यामागे ठरावीक शुल्कावर चालणाऱ्या केंद्राने नवा संगणक कुठून आणायचा? मग कुणीतरी क्रॅक केलेली विंडोज टाकून देतो, आणि आगीतून फुफाट्यात.

अपडेटनेही कधी घात होतो, हे मान्य. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. म्हणून अपडेट टाळायचे नाही, तर आधी एका संगणकावर तपासून, अर्जाच्या शेवटच्या तारखा सोडून करायचे.

जिल्हा प्रशासनाने तालुकानिहाय यादी करावी: कोणता संगणक ११ वर जाऊ शकतो, कोणता नाही. जो जाऊ शकत नाही त्याच्यासाठी संस्थांना तीन वर्षांपर्यंत विकत मिळणाऱ्या वाढीव सुरक्षा दुरुस्त्या घ्याव्यात आणि तो खर्च शासनाने उचलावा. शाळा आणि टायपिंगपुरत्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली चालेल. केरळच्या सरकारी शाळा ती कित्येक वर्षे वापरत आहेत, आणि सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' ही लिनक्स प्रणाली तर देशातच तयार झाली आहे. सेवा केंद्रात मात्र अंगठ्याचे यंत्र, प्रिंटर आणि डिजिटल स्वाक्षरी चालते का, हे पाहिल्याशिवाय बदल करू नये.

वाचकांनाही एक विनंती. दाखला हातात पडला की आपल्या कागदांचे स्कॅन त्या संगणकावरून आणि रिसायकल बिनमधूनही आपल्यासमोर काढून टाकायला सांगा. एवढे तरी शासन निर्णयाची वाट न पाहता आजच करता येते.

— एक वाचक, पोंभुर्णा (जि. चंद्रपूर)