मुलांच्या हातातील पडदा आणि मोठ्यांची वेळ

बंगळुरू : बसवनगुडीपासून काही किलोमीटरवर असलेल्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2014 मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करणारे ‘शट’ हे चिकित्सालय सुरू केले. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग विकृती’चा समावेश केलेले रोगवर्गीकरण लागू झाले ते 1 जानेवारी 2022 रोजी. जी गरज जगाने नंतर मान्य केली, ती या शहराला आधीच जाणवली होती.

तरीही पडद्यावर मर्यादा घालण्याचा येथील सर्वांत मोठा सरकारी प्रयत्न टिकला नाही. जून 2020 मध्ये कर्नाटक सरकारने लहान मुलांच्या आरोग्याचे कारण देत पाचवीपर्यंतचे थेट ऑनलाइन वर्ग बंद केले. त्याविरोधात न्यायालयात गेलेल्यांमध्ये पालकही होते. 8 जुलै रोजी उच्च न्यायालयाने त्या आदेशाला अंतरिम स्थगिती दिली. शाळा बंद असताना शिक्षण थांबवणे न्यायालयाला मान्य होण्यासारखे नव्हतेच. मात्र त्या काळात अभ्यासासाठी घरात आलेला फोन नंतर अभ्यासापुरता उरला नाही. ‘असर 2024’ या ग्रामीण सर्वेक्षणात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयोगटातील मुलांपैकी सुमारे 57 टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी, तर 76 टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे आढळले.

माहिती तंत्रज्ञानावर पोसलेल्या शहरात अडचण अधिक गुंतागुंतीची आहे. आई-वडिलांचे कार्यालय रात्री जेवणाच्या ताटापर्यंत येते. स्वतः निरोपांना उत्तरे देत असलेला पालक मुलाला ‘मोबाइल ठेव’ म्हणतो, तेव्हा तो नियम राहत नाही, नुसता अधिकार उरतो. मूल हा फरक लगेच ओळखते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये नेमका हाच धागा पकडला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाइल बंद राहतात. हा नियम मुलांइतकाच मोठ्यांनाही लागू आहे. शेजारच्या घरातही पडदा बंद असल्याने आपल्यावरच अन्याय होत असल्याची मुलाची तक्रार आपोआप लंगडी पडते.

ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास मनाई केली. भारताच्या 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा भर पालकांच्या संमतीवर आहे. दोन्ही उपाय कंपन्यांना जबाबदार धरतात व ते आवश्यकच आहे. परंतु पालकांच्या हातातील फोनला ते स्पर्श करत नाहीत.

बसवनगुडीत अजून बाहेर पडण्याजोगे पुष्कळ आहे. ब्युगल रॉकची बाग आहे, गांधी बाजार आहे, कार्तिकात शेंगदाण्यांची ‘कडलेकाई परिषे’ भरते तेव्हा रस्ते माणसांनी फुलून जातात. मात्र सात वाजता भोंगा वाजवणारी ग्रामसभा येथे नाही. तिच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था म्हणजे गृहसंकुलांच्या रहिवासी संघटना, आणि त्यांच्या बैठकांचा वेळ आजवर पाणी, लिफ्ट व वाहनतळ यांतच जात आला आहे.