मुलाला नट व्हायचंय? थोडं थांबून ऐका

मुलगा किंवा मुलगी ‘मला अभिनय करायचाय’ म्हणाली की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. पोट कसं भरणार, आणि नाव कधी होणार? पहिला रास्त आहे. दुसरा मात्र विचारू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इरफान खानचंच बघा. राजस्थानातला हा मुलगा १९८४ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकायला गेला. दिग्दर्शिका मीरा नायर यांनी ‘सलाम बॉम्बे’साठी त्याला निवडलं, पण मोठी भूमिका हातची गेली. १९८८ साली पडद्यावर दिसला तो फुटपाथवर बसून लोकांची पत्रं लिहून देणारा माणूस, तोही थोडाच वेळ. मग कित्येक वर्षं मालिका: ‘चाणक्य’, ‘चंद्रकांता’, ‘बनेगी अपनी बात’. त्या वर्षांत त्याला कुणी विचारलं असतं, ‘नाव कधी होणार?’, तर काय सांगणार होता तो?

पुढे ‘द वॉरियर’ आला, २००३ साली ‘हासिल’. ‘हासिल’चे दिग्दर्शक तिग्मांशू धुलिया त्याच नाट्य विद्यालयातले. त्यांच्याच ‘पानसिंग तोमर’मध्ये इरफान स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीचा राष्ट्रीय विजेता झाला, जमिनीच्या भांडणापायी चंबळचा बागी झालेला फौजी. हा चित्रपट २०१० साली लंडनच्या महोत्सवात दाखवला गेला. आपल्याकडे थिएटरात लागायला मार्च २०१२ उजाडला. अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला २०१३ साली, आणि तोही विभागून. दुसरे मानकरी होते ‘अनुमती’चे विक्रम गोखले, ज्यांचं उभं आयुष्य अभिनयात गेलं होतं.

पत्रं लिहिणाऱ्यापासून पानसिंगच्या पुरस्कारापर्यंत २५ वर्षं.

म्हणून मुलांनो, आधी शिका. गावातल्या नाटकमंडळीत, एकांकिका स्पर्धेत, जमेल तिथे. बरोबर तालीम करणाऱ्यांना धरून राहा. उद्याचा दिग्दर्शक त्यांच्यातच असतो. दोन वाक्यांची भूमिकाही पाठ करून, विचार करून उभी करा. हातात एखादी नोकरी किंवा शिकवणी ठेवा, त्यात कमीपणा नाही. आणि आईबाबा, दरवर्षी फक्त एवढंच विचारा: ‘यंदा नवीन काय शिकलास?’

शेवटचं, पण हे आजच घरात बोला. ‘रोल देतो, आधी पैसे भरा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. भूमिकेसाठी माणसं निवडणाऱ्याला त्याचा मेहनताना निर्माता देतो, नट नाही.