घरचा हिशेब : गोळी, वय आणि बीपी

गेल्या महिन्यात नया नगरात आमच्या इमारतीच्या जिन्यातच शेजारच्या वहिनींनी मला थांबवले. आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, बेचाळीस पुरी झाली मला. पाळणा थांबवायची गोळी अजून घेते. या वयात चालते का हो?"

धाकट्याच्या वेळेपासून, म्हणजे 11 वर्षे, त्या मेडिकलमधून पाकीट आणत होत्या. या काळात बीपी किती वेळा तपासला? एकदाही नाही.

भगिनींनो, नुसते वय झाले म्हणून गोळी वर्ज्य होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमात चाळिशीपर्यंत वयाची आडकाठीच नाही. चाळिशीनंतरही तब्येत चांगली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. पण माला-डी, माला-एन या गोळ्यांत इस्ट्रोजेन असते. त्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. तरुणपणी तो फारच कमी. वय वाढले आणि त्यात बीपी किंवा विडी-सिगारेटची भर पडली, की हिशेब बिघडतो.

म्हणून पस्तिशीनंतर विडी-सिगारेट ओढणाऱ्या बाईने ही गोळी घेऊ नये. बीपी 140/90 किंवा त्याहून वर असेल तर कोणत्याही वयात नको. डोळ्यांपुढे चमकून मग अर्धे डोके दुखत असेल, पूर्वी गुठळी, लकवा, हृदयविकार किंवा स्तनाचा कर्करोग झाला असेल, तरीही नको. अंगावर पिणारे बाळ सहा महिन्यांच्या आत असेल तर थांबावे. मशेरी लावत असाल तर तेही न लाजता सांगा. आणि गोळी चालू असताना एकच पाय सुजून दुखू लागला, छातीत दुखले, धाप लागली किंवा अचानक दिसेनासे झाले, तर उद्यावर न टाकता थेट रुग्णालय गाठा.

आपल्याकडे या विषयावर बायका जिन्यातच बोलतात. पण 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईच्या विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, तेव्हा त्यांनी वाचलेले भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. बाजूने 11 मते, विरोधात 52. ठराव पडला. आज सरकारी दवाखान्यात माला-एन फुकट मिळते, आणि आपण बीपी न तपासताच ती गिळतो!

वहिनींना मी दवाखान्यात नेले. बीपी 150/96. आठ दिवसांनी पुन्हा तपासला, तेवढाच. डॉक्टरांनी बीपीचे औषध सुरू केले आणि गोळी बंद केली. पण दुसरा उपाय हाती येईपर्यंत निरोध वापरायला बजावले, कारण या वयात, एवढ्या बीपीत दिवस राहणे हे गोळीपेक्षाही धोक्याचे. इस्ट्रोजेन नसलेले उपाय आहेत : तांबी, आठवड्याची छाया गोळी, नाहीतर नवऱ्याची बिनटाक्याची नसबंदी.

नसबंदीचे नाव काढताच भाऊ म्हणाले, "मला वजन उचलावे लागते, ताकद जाईल." ताकद जात नाही, आठवडाभर जड काम टाळले की पुरे, हे डॉक्टरांनीच त्यांना समजावले. ते अजून विचारच करताहेत. वहिनींनी मात्र तांबीचे ठरवले आहे. मंगळवारची तारीख मिळाली. मी अर्धा दिवस रजा टाकली आहे.