खेळाडू महाराष्ट्राचे, ट्रॉफी पंजाबची: विद्यापीठांच्या क्रीडा शिष्यवृत्तीचं गणित काय आहे?

ऑगस्ट 2017 मध्ये तैपेईत झालेल्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत भारताला एकच पदक मिळालं. 10 हजार मीटर शर्यतीतलं ते रौप्यपदक संजीवनी जाधवनं जिंकलं. ती चांदवड तालुक्यातल्या वडाळीभोईची. तिचा सराव चालायचा गावापासून तासाभराच्या अंतरावर, नाशिकच्या भोसला मैदानावर.

याच तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत तो सुवर्णविजेत्या चमूत होता. पाणीटंचाईच्या तालुक्यातला हा तरुण होडीपर्यंत पोहोचला तो लष्करामुळे. 2012 मध्ये तो भरती झाला आणि राहणं, खाणं, प्रशिक्षक, होडी हे सगळं लष्करानं पाहिलं.

हा खर्च विद्यापीठानं उचलायचा ठरवलं तर? आणि खेळाडू दुसऱ्या राज्यातला असेल तर?

शाळेत पुढे, विद्यापीठात मागे

खेलो इंडिया युवा स्पर्धेच्या पहिल्या सात पर्वांपैकी पाच महाराष्ट्रानं जिंकली. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत मात्र वेगळं चित्र दिसतं. पहिल्या चार पर्वांत चंदीगडचं पंजाब विद्यापीठ दोनदा, बंगळुरूचं जैन विद्यापीठ एकदा आणि चंदीगड युनिव्हर्सिटी एकदा विजेती ठरली. (नावं सारखी वाटतात, पण पंजाब विद्यापीठ सार्वजनिक आहे आणि चंदीगड युनिव्हर्सिटी खासगी.) 2020 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दुसरं आलं होतं. सुवर्णपदकं दोघांचीही 17 होती.

मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी, म्हणजे विद्यापीठांसाठीचा सर्वोच्च राष्ट्रीय क्रीडा सन्मान. 2024 साठी त्यातली पहिली तिन्ही नावं पंजाबची होती: चंदीगड युनिव्हर्सिटी, लव्हली प्रोफेशनल युनिव्हर्सिटी आणि अमृतसरचं गुरू नानक देव विद्यापीठ.

ही विद्यापीठं फक्त स्थानिक मुलांवर जिंकत नाहीत. हरियाणाचा नीरज चोप्रा पंजाबच्या लव्हली युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी, हे सर्वात ठळक उदाहरण.

फी माफ करणं सोपं, जेवण महाग

वर्गात 60 ऐवजी 61 विद्यार्थी बसले तर खासगी विद्यापीठाचा खर्च फारसा वाढत नाही. त्यामुळे 'शंभर टक्के शिष्यवृत्ती' कागदावर मोठी दिसते, खिशातून जातं ते त्यापेक्षा कमी. खरे पैसे लागतात वसतिगृह, आहार, प्रशिक्षक, फिजिओ आणि प्रवासावर. शिवाय जिंकलेलं पदक प्रवेशाच्या जाहिरातीत वापरता येतं.

पुणे विद्यापीठाची रचना वेगळी आहे. चांदवडमधला विद्यार्थी फी भरतो ती महाविद्यालयाकडे, विद्यापीठाकडे नाही. विद्यापीठाला मदत करायची तर क्रीडानिधीतून रोख रक्कम द्यावी लागते, आणि त्या निधीत सगळ्याच विद्यार्थ्यांनी भरलेलं क्रीडा शुल्क असतं. गुरू नानक देव विद्यापीठही संलग्न महाविद्यालयांचंच आहे, तेव्हा रचना हे पूर्ण उत्तर नाही. तिथे खेळाडू आपल्याकडे ओढण्याची चढाओढ महाविद्यालयांतच असते. आपल्याकडे ती अभावानंच दिसते.

अमेरिकेत वाद कशावर?

तिथल्या सरकारी विद्यापीठांत परराज्यातल्या विद्यार्थ्याची फी स्थानिकाच्या दुप्पट-तिप्पट असते. शिष्यवृत्ती असली तरी ही फी क्रीडा विभाग विद्यापीठाला भरतो. म्हणजे तोच धावपटू शेजारच्या राज्यातून आणला की महाग पडतो. नॉर्थ कॅरोलायनानं 2005 मध्ये पूर्ण शिष्यवृत्तीवरच्या परराज्यातल्या विद्यार्थ्यांना स्थानिक मानायचं ठरवलं, खेळाडूंसह. करदात्यांच्या पैशावर टीका झाली आणि 2010 मध्ये ही सवलत गेली.

महाराष्ट्रात अधिवासाची भिंत

आपल्याकडे फीचा दर राज्यानुसार सहसा बदलत नाही, सवलत बदलते. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला महाराष्ट्राचा अधिवास लागतो. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणालाही तोच नियम. त्यामुळे हरियाणाच्या कुस्तीपटूनं पुण्यात यावं असं फारसं काही नाही. उलट चांदवडची धावपटू पंजाबला गेली तर शिष्यवृत्ती इथेच राहते, पण तिथलं विद्यापीठ तिचा सगळा खर्च उचलत असेल तर तिला त्याची गरजही नसते.

जुलै 2024 पासून महाराष्ट्रात 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ आहे. अनेक मुलींच्या बाबतीत फीचा प्रश्न त्यामुळे सुटतो. अंडी, दूध, बूट आणि नाशिकमधल्या खोलीचं भाडं उरतं.

केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला 10 हजार रुपये भत्ता मिळतो आणि तो राज्य बदललं तरी त्याच्यासोबत जातो. पण तिथे निवड आधी होते, भत्ता नंतर. निवडीआधीची दोन-तीन वर्षं घरचेच खर्च करतात. परराज्यातले खेळाडू आणायचे की नाही, यापेक्षा विद्यापीठांच्या क्रीडा मंडळांनी आधी या दोन-तीन वर्षांच्या जेवणाचा हिशेब मांडायला हवा.