तीन मिनिटांची मैफल

ध्वनिमुद्रिका म्हणजे मैफलीची केवळ छाया, असे पुष्कळ रसिक म्हणतात. जन्मभर तबकड्या ऐकत आलेल्या आम्हांस हे मान्य नाही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी झिंझोटीतील ठुमरी अशी गायिली की, ती ऐकून गदगच्या अकरा वर्षांच्या भीमसेन जोशींनी १९३३ साली गुरूच्या शोधार्थ घर सोडले. छायेच्या अंगी एवढे सामर्थ्य कोठून यावे?

आम्हां बेळगाव-निपाणीकरांवर तर या तबकड्यांचे निराळेच उपकार आहेत. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व, हुबळीच्या गंगूबाई हनगल आणि स्वतः भीमसेन, तिघांच्याही घरची भाषा कन्नड. गायिले मात्र मराठीतही, आणि कसे! सीमाप्रश्नावर आमची मते तीव्र आहेत, ती राहतीलच. पण गाणाऱ्याची मातृभाषा विचारून तबकडी लावणारा रसिक आम्ही पाहिला नाही.

आता त्याच तबकड्या माळ्यावरून थेट भंगारात जातात, हे मात्र सहन होत नाही. विद्यार्थीमित्रहो, घरी अशी पेटी असल्यास ती आजोबांसमवेत उघडा. लाखेची तबकडी ठिसूळ असते. कडेने धरा, उभी ठेवा, आणि एक बाजू तरी मध्ये न उठता ऐका.