आधी पावले मोजा

आमच्या नवी मुंबईत सिडकोच्या वसाहतींत संध्याकाळी काही मुले एका कट्ट्यावरून दुसऱ्या कट्ट्यावर उड्या घेताना दिसतात. हा खेळ म्हणजे पार्कूर. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसजवळील लीस येथे डेव्हिड बेल व त्याच्या सवंगड्यांनी तो घडविला. वडीलधारी मंडळी त्यास हुडपणा म्हणतात. माझ्या मते तो हिशेब आहे.

अंतर आधी पावलांनी मोजावे. तेवढेच जमिनीवर आखून दहादा पार करावे. पाय आवाज न करता टेकू लागले, की मग गुडघाभर कट्टा. उंचीवर गेल्याने अंतर वाढत नाही. भीती वाढते आणि चुकीची किंमतही. पावसाळ्यात कट्टा शेवाळला असेल, तर मागे फिरण्यात कसला कमीपणा?

खरा धोका 'मार रे, घाबरतोस काय!' या आरोळीत असतो. ओरडणाऱ्याचा गुडघा फुटत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पुढची उडी केवढी, हे सांगणारे घरी कोणी नाही. म्हणून हा हिशेब मला मोलाचा वाटतो. मित्रहो, जिमखान्यात चार गाद्या आणि एक जाणता शिक्षक मिळाला, तर तो सर्वांनाच शिकता येईल. प्राध्यापकांनी याचा विचार करावा, ही विनंती.