कासेवरच्या पुटकुळ्या

अर्धापूरच्या बाजूच्या एका ताईंचे पत्र आले आहे. घरी दोन उस्मानाबादी शेळ्या. एकीच्या कासेवर पुटकुळ्या उठल्या, आठ दिवसांत दुसरीलाही. सासूबाई म्हणतात, देवी आली, औषध करू नये. धाकट्या लेकराला तर शेळीचेच दूध लागते. काय करावे?

ताई, आधी नीट बघा. पिवळ्या पुवाच्या बारीक पुटकुळ्या फक्त कासेवर, सडांच्या बुडाशी आणि दोन सडांमधल्या खाचेत असतील, फुटून खपली धरत असतील आणि शेळी चांगली खात असेल, तर ती बहुधा देवी नव्हे. ते स्टॅफिलोकोकस जंतूचे कातडीचे दुखणे. देवीत ताप येतो. तोंडावर, कानावर, शेपटीखालीही फोड उठतात. करडांच्या ओठांवर खपल्या असतील तर मावा. माणसांतली देवी जगातून गेल्याचे १९८० साली जाहीर झाले. शेळ्यांची देवी वेगळी, ती अजून आहे. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा.

ओल्या, घाणेरड्या जागी बसून हा जंतू ओरखड्यातून शिरतो. एकीकडून दुसरीकडे नेतात ते मात्र बहुधा आपलेच हात आणि कास पुसायचे एकच फडके.

म्हणून निरोगी शेळीची धार आधी, आजारीची शेवटी काढा. दर वेळी साबणाने हात धुवा. कोमट पाण्याने खपल्या भिजवा, ओरबाडू नका, पुटकुळ्या पिळू नका. परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने कास धुऊन प्रत्येकीच्या वेगळ्या, स्वच्छ फडक्याने कोरडी करा. मलम डॉक्टरांनी दिलेलेच लावा. बसायची जागा कोरडी ठेवा. ज्याच्या हातावर पिकलेला फोड आहे, त्याने धार काढू नये.

हे दुखणे कासेच्या आत शिरले तर दगडी होते. कास गरम, कडक झाली, दुधात गुठळ्या किंवा रक्त दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. कास गार, निळसर पडली तर तासाचाही उशीर नको. शेळी हातची जाते.

दुखणे बरे होईपर्यंत त्या शेळीचे दूध लेकराला देऊ नका. उकळल्याने जंतू मरतो, पण त्याने दुधात सोडलेले विष उकळूनही जात नाही. सुई टोचली असेल तर दूध किती दिवस वर्ज्य, ते डॉक्टरांना विचारूनच घ्या.

सासूबाईंना सांगा, देवीचा मान राखू, पण हात धुऊन.